तीन ग्रॅम झोप

सकाळी सहाच्या बातम्या सांगताना निरीक्षकांच्या बायकोने रेडिओवर जांभई दिली. ती चोरटी, ओठांआडची जांभई असती तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण "धरणात सध्या बासष्ट" या शब्दांनंतर ती सुरू झाली आणि "टक्के" येईपर्यंत श्रोत्यांच्या हातातला चहा निवला. ऐकणाऱ्या निम्म्या गावाने पाठोपाठ आपापली जांभई दिली आणि कित्येकांनी पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. बायको अठरा वर्षं सहाच्या बातम्या वाचत होती. पूर असो, संप असो, तिच्या आवाजावर कधी सुरकुती पडली नव्हती. केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "आणखी एक जांभई, आणि तुम्ही दुपारच्या बाजारभावांवर."

दुपारचे बाजारभाव कोण ऐकतं? ज्याला ते आधीच ठाऊक असतात तो. बायकोच्या लेखी ती काळ्या पाण्याची शिक्षा होती.

घरी आल्यावर तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि निरीक्षकांकडे बघून म्हणाली, "अहो, मला झोप येत नाही असं नाही. मला झोपू दिलं जात नाही. हल्ली रात्रभर तुमचं काय चाललेलं असतं? या कुशीवरून त्या कुशीवर, मग उसासा, मग पाणी, मग गॅस बंद आहे का बघायचं. गॅस आपण रात्री नऊला बंद करतो! तुमची झोप हा आता तुमचा खासगी मामला राहिलेला नाही."

निरीक्षकांनी तिची पर्स उचलून खुंटीला लावली. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, कमी भरलं की पंचनामा करायचा, यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. वजनाच्या बाबतीत त्यांनी कधी वडिलांचंही ऐकलं नसतं. सोसायटीत लोक त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे तोळामासा म्हणत. अशा माणसाच्या घरी झोपेसारखी गोष्ट कमी भरावी, याचं त्यांना बायकोपेक्षा जास्त वाईट वाटलं.

सोसायटीत बातमी पोचायला वेळ लागला नाही; बातमी रेडिओवरच झाली होती. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आधी आले. "साहेब, पायाला तेल लावा आणि उलटे आकडे म्हणा. मी हजारापासून सुरू करतो." "मग झोप लागते?" "नाही, पण हल्ली शून्यापर्यंत बिनचूक येतो." दुसऱ्या मजल्यावर व्यायामशाळा चालवणारा दंडमास्तर राहायचा. दंडांना जागा मिळावी म्हणून तो दारातून तिरका आत येई. त्याने एका दमात निकाल दिला, "साहेब, ग्लायसिन. अमायनो ॲसिड आहे. पांढरी पावडर. झोपण्याआधी तीन ग्रॅम. माझी अर्धी पोरं घेतात."

"ॲसिड?" पोस्टमास्तर दचकले. "आमच्याकडे संडास धुवायला असतं ते?"

हे प्रथिनांतलं ॲसिड, धुवायचं नव्हे, अशी दंडमास्तरने त्यांची समजूत घातली आणि जाता जाता त्यांनाही ट्रिप्टोफॅन नावाचं दुसरं एक अमायनो ॲसिड सुचवलं. पोस्टमास्तरांना पत्नी गेल्यापासून मन खचू नये म्हणून रोजची गोळी चालू होती, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. सल्ला देणारा माणूस चौकशा करत बसला तर त्याचा सल्ला देऊन कधी व्हायचा?

निरीक्षकांनी मात्र परस्पर काही तोंडात टाकलं नाही. त्यांनी डॉक्टरबाईंची वेळ घेतली आणि पोस्टमास्तरांनाही सोबत नेलं. पोस्टमास्तरांची हकीकत ऐकून डॉक्टरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "तुमच्या त्या गोळीबरोबर ट्रिप्टोफॅन? अजिबात नाही. दोन्ही मिळून अंगाशी येऊ शकतं, आणि ते साधंसुधं नसतं. मला विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही." पोस्टमास्तरांनी तत्काळ मान डोलावली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन हजारापासून सुरुवात केली.

मग डॉक्टरबाई निरीक्षकांकडे वळल्या. "ग्लायसिन तुमचं शरीर स्वतःच बनवतं, खाण्यातूनही मिळतं. झोपेवर छोटे छोटे प्रयोग झालेत. झोपण्याआधी तीन ग्रॅम घेऊन काही लोकांना झोप बरी लागली, सकाळी ताजं वाटलं. पण माणसं थोडी, दिवस थोडे. वर्षानुवर्षं घेतलं तर काय, ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एखाद्याचं पोट बिघडतं. किडनी, लिव्हर, कसली औषधं?"

"काही नाही."

"मग काही दिवस घेऊन बघायला माझी हरकत नाही. पण जादू समजू नका. आधी आठवडाभर वही ठेवा. कधी झोपलात, कधी उठलात, का उठलात."

असं काम निरीक्षकांना सांगणं म्हणजे मासोळीला पोहायला सांगणं. त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले, प्रत्येक नोंदीखाली सही केली. आठवड्याने डॉक्टरबाई ती वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला.

"एक वाजून दहा, घड्याळ पाहिलं. दोन पंचवीस, घड्याळ पाहिलं. तीन वीस, घड्याळ पाहिलं. तीन पन्नास, खोकलो. आणि रोज, सातही दिवस, तीन पन्नासला खोकलो. हा कसला खोकला हो, घड्याळ लावून येणारा?"

निरीक्षकांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी अठरा वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. बायकोला चारला उठावं लागतं, पाचला केंद्राची गाडी येते. पहिल्या वर्षी गजर व्हायचा आणि ती दचकून, छाती धरून उठायची. म्हणून निरीक्षक गजर होण्याआधीच उठून तो बंद करू लागले आणि नुसतं जोरात खोकू लागले. ती आपोआप कूस बदलायची, डोळे उघडायची. पुढे गजर लावणंच बंद झालं. बायकोची समजूत अशी झाली, की आपल्याला आपोआप जाग येते. हल्ली मात्र आपलीच वेळ चुकेल या धास्तीने निरीक्षक रात्रभर घड्याळ बघत.

"मग सांगा ना तिला."

"कसं सांगू? तिने मुलाखतीत सांगितलंय. माझ्या शरीरातच घड्याळ आहे म्हणून. श्रोत्यांची पत्रं आली होती, शिस्तीचं कौतुक करणारी. एका शाळेने बोलावून सत्कार केला. मी टाळ्या वाजवायला गेलो होतो."

डॉक्टरबाई हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. "अहो, तुम्हाला निद्रानाश नाही. तुम्ही पहाऱ्यावर आहात. आणि पहारेकऱ्याला झोप लागलीच, तर तिला उठवणार कोण?"

हा प्रश्न निरीक्षकांना आधी सुचला नव्हता. जागे राहिले तर तिची झोप मोडणार आणि बातम्या जाणार. झोपले तर तिला जाग येणार नाही आणि बातम्या जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे पांढऱ्या पावडरीचा डबा.

डबा त्याच संध्याकाळी आला. त्यावर लिहिलं होतं: तीनशे ग्रॅम, शंभर चमचे. आत एक प्लास्टिकचा चमचा होता. दुसऱ्या कोणीही चमचा भरून पाण्यात ढवळला असता. निरीक्षकांनी चमचा उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. हा चमचा तीन ग्रॅमचा कशावरून?

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन कचेरीत गेले. तिथला प्रयोगशाळेचा तराजू काचेच्या पेटीत होता आणि किल्ली भांडारपालाकडे. भांडारपालाने फॉर्म पुढे केला. "वापराचं प्रयोजन लिहा." निरीक्षक खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी लिहिलं: स्वतःची झोप. भांडारपालाने ते तीनदा वाचलं, मग शेजारच्या टेबलाला वाचून दाखवलं, मग शेजारच्या टेबलाने पलीकडच्या. "साहेब, झोप सरकारी तराजूवर मोजता येत नाही. आणि आली असती तर आपल्या कचेरीत तिचा साठा भरपूर निघाला असता." परवानगीसाठी फॉर्म वरच्या साहेबांकडे गेला आणि दुपारी "एकदाच" असा शेरा घेऊन परत आला.

चमचा काठोकाठ भरून, वरून पट्टीने सपाट करून निरीक्षकांनी तराजूवर रिकामा केला. तीन ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. त्या एकाच बैठकीत त्यांनी दहादा करून बघितलं. म्हणजे शंभर चमचे म्हणून विकलेल्या डब्यात भरत होते अठ्ठ्याऐंशी. माणसाला शंभर रात्रींची झोप सांगून अठ्ठ्याऐंशीच दिल्या, बारा रात्री गेल्या कुठे?

"अहो, जास्तच मिळतंय ना चमच्याला?" बायको संध्याकाळी म्हणाली. "घ्या आणि झोपा!"

"जास्त दिलं तरी चुकीचंच. माप म्हणजे माप."

यानंतर जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून झालं नसतं. शहाण्या माणसाने चमचा थोडा कमी भरला असता. निरीक्षकांनी जेवणाच्या टेबलावर पंचनामा केला. पंच म्हणून पोस्टमास्तर आणि दंडमास्तर बसले. डबा कापडात बांधला, दोरी घातली, लाख वितळवून त्यावर खात्याचा शिक्का मारला, आणि तो "जप्त मुद्देमाल" म्हणून कचेरीच्या कपाटात जायला तयार झाला. पंचनाम्यावर सही करून दंडमास्तर दाराशी तिरका झाला आणि त्याने विचारलं, "पण साहेब, आज रात्री तुम्ही घेणार काय?"

पेन ठेवायला गेलेला निरीक्षकांचा हात खिशातच राहिला. आपण आपलंच औषध जप्त केलं आहे, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

दंडमास्तरने मोठ्या मनाने आपल्याकडची पावडर कागदाच्या पुडीतून आणून दिली. पुडीवर ना नाव, ना वजन, ना तारीख. ज्या माणसाने आयुष्यभर सुट्या मालावर दंड ठोकला, त्याने अशी पुडी जिभेवर ठेवणं शक्य नव्हतं. औषधांच्या दुकानात दुसरा डबा मागायला गेले, तर दुकानदाराने हात जोडले. "साहेब, ज्या मालावर तुम्हीच केस केलीय, तो तुम्हालाच परत विकू? उद्या म्हणाल दुसरा गुन्हा केला." आणि वरच्या साहेबांनी तर फाइल बंद करून चष्म्यावरून पाहिलं. "तक्रारदार तुम्ही, निरीक्षक तुम्ही, पेशंट तुम्ही. शिवाय डबा तुम्हीच उघडलेला. ही केस उभी कशी राहणार? शिवाय चमचा आपल्या खात्यात येतो की अन्न खात्यात, हेच आधी विचारावं लागेल." पत्र मुख्य कचेरीला गेलं. उत्तर येईपर्यंत मुद्देमालाला हात लावायचा नव्हता.

त्या गुरुवारी बायकोने बातम्यांत आणखी एक जांभई गिळली. गिळली खरी, पण गिळताना "राज्यपाल" हा शब्दही पोटात गेला. संध्याकाळी तिने पिशवी भरली. "मी ताईकडे झोपायला जातेय. तुमच्या झोपेला परवानगी मिळाली की कळवा."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बायको गेली आणि घर इतकं शांत झालं, की निरीक्षकांना पहिल्यांदाच खरोखर झोप यावी. पण ती येते कुठली? पहाटे चारला तिला उठवणार कोण? ताईची झोप कुंभकर्णाच्या माहेरची. फोन करावा, तर अठरा वर्षांचं बिंग फुटणार. शेवटी साडेतीनला निरीक्षकांनी सदऱ्यावर स्वेटर चढवला, दोन गल्ल्या चालत गेले, तळमजल्यावरच्या उजव्या खिडकीखाली उभे राहिले आणि तीन पन्नासला, नियमाप्रमाणे, खोकले.

खिडकीत दिवा लागला. निरीक्षक भिंतीला चिकटून घरी परतले. सकाळी बायकोचा फोन आला. "बघा! परक्या घरातही बरोबर जाग आली. शरीरातच घड्याळ लागतं." निरीक्षक "हो ना" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खोकल्याबरोबर खांद्यावर काठी आली. ताईच्या सोसायटीचा रखवालदार होता.

"काय करताय इथे?"

"खोकतोय."

"घरी खोकायला काय झालं?"

निरीक्षकांनी खात्याचं ओळखपत्र दाखवलं. ते वाचून रखवालदाराचा संशय दुप्पट झाला, कारण वजनमापेवाल्याला पहाटे खिडकीखाली काय मोजायचं असतं? शेवटी बाहेरच्या माणसांची वही पुढे आली. नाव, वेळ, कामाचं स्वरूप. ज्या हाताने शेकडो दुकानदारांचे पंचनामे लिहिले, त्या हाताने निरीक्षकांनी लिहिलं: खोकणे. रखवालदाराला सगळी हकीकत सांगावी लागली. तो ऐकत राहिला, मग त्याने काठी खाली केली आणि म्हणाला, "उद्यापासून फाटकाशीच थांबा साहेब. खिडकीशी मी जातो. माझा खोकला मोठा आहे." पण निरीक्षकांनी मानलं नाही. दुसऱ्याचा खोकला तिच्या ओळखीचा नव्हता.

रविवारी सकाळी मुख्य कचेरीचं उत्तर आल्याचं भांडारपालाने घरी येऊन सांगितलं. चमचा कोणाच्याच खात्यात येत नव्हता. मुद्देमाल मालकाला परत. त्याने डबा टेबलावर ठेवला, पोच लिहून घेतली आणि जाताना म्हणाला, "आता तरी झोपा साहेब, सगळ्या कचेरीला काळजी आहे."

निरोप मिळताच बायको पिशवी घेऊन परत आली, पण पिशवी उघडली नाही, दाराशीच ठेवली. "उद्या केंद्रप्रमुख स्वतः स्टुडिओत बसणार आहेत. माझा निकाल उद्याच. आज रात्री तुम्ही एकदा जरी कूस बदललीत, तर मी उठून ताईकडे जाईन, आणि मग तिकडेच राहीन." तिचा आवाज बातम्यांतल्यासारखा सपाट होता, म्हणून निरीक्षकांना तो जास्त लागला. ही बाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती दमली होती.

रात्री निरीक्षकांनी दागिन्यांचा छोटा काटा कोपऱ्यावरच्या सोनारकाकांकडून उसना आणला, त्यावर बरोबर तीन ग्रॅम मोजले, पाण्यात ढवळून प्याले. पावडर गोड लागली. मग बायकोचं लक्ष नाही असं बघून त्यांनी गजराचं घड्याळ तीन पन्नासवर लावून आपल्या उशीखाली सरकवलं. गजर आपल्या एकट्याच्या कानापुरता वाजेल, आपण उठू, खोकू, ती उठेल. योजना तोळाभरही चुकत नव्हती.

निरीक्षकांनी डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. सहा वाजून पाच मिनिटं. शेजारची जागा रिकामी. "गेलं! सगळं गेलं!" म्हणत ते उशीसकट उठले, पाय पांघरुणात अडकून रेडिओवर आपटले आणि त्या धक्क्यानेच रेडिओ सुरू झाला.

"…धरणातला पाणीसाठा आता एकाहत्तर टक्के झाला आहे," बायकोचा आवाज आला. मागे कसली जांभई नाही, अडखळणं नाही. निरीक्षक जमिनीवर बसले आणि त्यांनी हवामानापर्यंत सगळ्या बातम्या ऐकल्या. पावडरीने झोप लागली, की तीन आठवड्यांच्या धावपळीने, की डब्याची पोच लिहून दिल्याच्या समाधानाने, हे सांगणं अवघड होतं. डॉक्टरबाई तर म्हणाल्याच होत्या, जादू समजू नका.

बायको साडेसातला आली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि बसली.

"केंद्रप्रमुख काय म्हणाले?" निरीक्षकांनी विचारलं.

"म्हणाले, वाचत राहा. सहाच्याच." तिने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "तुमच्या उशीखाली गजर केकाटत होता. तुम्ही ढिम्म. मीच उठले, बंद केला. म्हटलं, तीन पन्नासचा कशाला लावलाय यांनी? आणि मग येताना कोपऱ्यावर ताईच्या सोसायटीचा रखवालदार भेटला. ड्यूटी संपवून चालला होता. मला म्हणतो, बाई, साहेबांचा खोकला बरा झाला का? आज आले नाहीत."

निरीक्षकांनी टेबलक्लॉथची घडी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"अठरा वर्षं," बायको म्हणाली. "शाळेतल्या पोरांना मी शिस्तीवर भाषण दिलं. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात!"

"चांगलं झालं होतं भाषण."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला राग आला. "कधी सांगणार होतात?"

"सांगायचं काय त्यात? खोकला काय, कोणालाही येतो."

"आता यायचा नाही." तिने गजराचं घड्याळ आणून आपल्या बाजूला ठेवलं. "उद्यापासून मी माझी उठेन. तुम्ही झोपायचं. नुसतं पडून राहायचं नाही, खरोखर झोपायचं. समजलं?"

त्या रात्री निरीक्षकांनी पुन्हा तीन ग्रॅम मोजून घेतले. पण अठरा वर्षांच्या सवयीपुढे तीन ग्रॅमचा काय पाड? तीन चाळीसला त्यांचे डोळे टक्क उघडले. घड्याळ पलीकडे होतं, म्हणून ते नुसते पडून राहिले. चारला दोन मिनिटं कमी असताना बायकोचा हात हलला आणि गजर वाजण्याआधीच तिने तो बंद केला, त्यांची झोप मोडू नये म्हणून. दिवा न लावता ती उठली. अंधारात तिच्या पायाचं बोट पलंगाच्या खुराला लागलं आणि तिने "आई गं" निम्म्यावरच गिळलं. स्वयंपाकघरात नळ इतका हळू सोडला, की भांडं भरायला पाच मिनिटं लागली. साडी कपाटातून काढताना हँगर वाजू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता, हे निरीक्षकांना पापण्यांच्या फटीतून दिसलं.

तीन पन्नासपासून त्यांच्या घशात खोकला दाटून आला होता. तो त्यांनी महाकष्टाने गिळला. तिने जवळ येऊन त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ऐकत उभी राहिली. निरीक्षकांनी श्वास लांब सोडला, खात्री पटावी म्हणून वर एक छोटंसं घोरणंही जोडलं. ती समाधानाने गेली, दार बोटांवर तोलून लावत. खाली गाडी आली, गेली. निरीक्षक सहाच्या बातम्यांपर्यंत डोळे मिटून तसेच पडून राहिले. एवढ्या मेहनतीने कोणी आपल्याला झोपू देत असताना जागं असणं बरं दिसलं नसतं.